डॉ. पी. के. सेन: १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये हृदय बदलणारा सर्जन

पुणे-मुंबई रस्त्यावर पोलिसांनी सिग्नल थांबवून एखाद्या ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी करून दिलेली तुम्ही पाहिली असेल. अशा 'ग्रीन कॉरिडॉर'मधून कधी कधी बर्फाच्या पेटीतलं हृदय जात असतं. शरीरातून काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हावं लागतं, म्हणून ही घाई. हृदय कोणत्या पेशंटला द्यायचं यासाठी आज प्रतीक्षायादी आहे, समिती आहे, कायदा आहे.

यातलं काहीच नव्हतं तेव्हा मुंबईतल्या महापालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये हे ऑपरेशन झालं होतं. ते करणारे सर्जन म्हणजे डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

नागपूर ते परळ

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. शाळेची सुरुवातीची वर्षं नागपुरात गेली आणि डॉक्टरकीचं शिक्षण परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये झालं. त्याला लागूनच केईएम हॉस्पिटल आहे. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या फेलोशिपवर ते अमेरिकेतही शिकून आले, पण काम केलं ते परळमध्येच.

त्या काळी आपल्याकडे संधिवाताच्या तापामुळे तरुण वयातच हृदयाची झडप आकसलेले पेशंट खूप असायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सेन यांनी अशा झडपा मोकळ्या करायला सुरुवात केली. कशा? चालू हृदयाला छोटं छिद्र पाडून, आत बोट घालून! आतलं काही दिसत नसे. सर्जनच्या बोटाचं टोक हाच त्यांचा कॅमेरा.

डोळ्यांनी बघून दुरुस्ती करायची तर हृदय थांबवायला हवं, आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त पुरवायला हार्ट-लंग मशीन हवं. अमेरिकेत जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हे मशीन माणसावर यशस्वीपणे वापरलं. तत्त्व सोपं आहे: एक पंप, आणि रक्तात ऑक्सिजन मिसळणारा एक भाग. पण मशीन विकत घेऊन प्लग लावला की झालं, असं नव्हतं. परकीय चलनाची टंचाई, सुटे भाग मिळत नाहीत, चालवणारी माणसं तयार नाहीत. मुंबईत देशी मशीन बनवायचेही प्रयत्न झाले. केईएमच्या टीमने कुत्र्यांवर वर्षानुवर्षं सराव करत हे तंत्र बसवलं. डॉ. जी. बी. परुळकरांसारखे सर्जन याच टीममधले.

सापाच्या हृदयातली आयडिया

माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बारीक धमन्यांतून, म्हणजे जणू ठिबक सिंचन. नळी तुंबली की पुढचं शेत वाळतं. हार्ट अटॅक म्हणजे साधारण हेच. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय मात्र स्पंजसारखं असतं. कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत मुरतं, पाटाचं पाणी वाफ्यात मुरावं तसं.

सेन यांनी विचार केला, माणसाच्या हृदयालाही आतून अशा वाटा करून दिल्या तर? त्यांच्या टीमने कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूत सुईने बारीक छिद्रं पाडून प्रयोग केले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे इतर देशांतल्या सर्जननी सुईच्या जागी लेझर आणला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचाराला मंजुरीही मिळाली. नंतर कळलं की पाडलेली छिद्रं बहुतेक बुजून जातात. आज हा उपचार क्वचितच होतो. बायपास आणि अँजिओप्लास्टी पुढे निघून गेल्या.

फेब्रुवारी १९६८

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अमेरिकेतले कँट्रोविट्झ आणि शमवे. चौथे सर्जन होते परळचे सेन.

पेशंट काही तासांतच दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेल्या दुसऱ्या प्रयत्नाचंही तेच झालं.

टाके नीट बसूनही असं का व्हावं? चाकणच्या कंपनीत पंपावर काम केलेल्याला हे लगेच समजेल. कमी दाबावर चालायची सवय असलेला पंप अचानक जास्त बॅक प्रेशरच्या लाइनवर बसवला की तो दम सोडतो. वर्षानुवर्षं हृदय आजारी असलेल्या पेशंटच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब खूप वाढलेला असतो. दात्याच्या निरोगी हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाची सवय नसते. म्हणूनच आज प्रत्यारोपणाआधी कॅथेटर घालून हा दाब मोजतात आणि तो फार जास्त असेल, कमी होत नसेल, तर नुसतं हृदय बदलत नाहीत.

आणखी एक अडचण कायद्याची होती. हृदय धडधडतंय पण मेंदू मेला आहे, अशा माणसाला मृत म्हणायचं का? हार्वर्डच्या समितीने याचे निकष मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या ऑपरेशननंतर. भारतात हा कायदा यायला १९९४ उजाडलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. तोवर शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठी सायक्लोस्पोरिन हे औषधही आलं होतं. सेन यांच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

मग घाई केली का?

हा प्रश्न रास्त आहे. ज्या शहरात टीबीचे पेशंट बेडसाठी थांबलेत, तिथे इतकं महागडं आणि धोक्याचं ऑपरेशन कशाला? जगभरातही त्या वर्षी शंभरावर प्रत्यारोपणं झाली, बहुतेक पेशंट वर्षभरात गेले आणि बऱ्याच हॉस्पिटलनी हे काम थांबवलं. मला वाटतं, फक्त त्या दोन ऑपरेशनवरून सेन यांना मोजलं तर हिशेब अर्धाच राहतो. त्यांनी उभी केलेली टीम झडपांची, महाधमनीची ऑपरेशनं महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये करत होती, आणि तिथे येणारे पेशंट साधे कामगार, शेतकरी होते. महाधमनीला सूज येऊन ती अरुंद होण्याच्या आजारावर, जो आपल्याकडे तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो, सेन आणि सहकाऱ्यांनी १०१ पेशंटच्या अभ्यासावरून १९७३ मध्ये पुस्तकही काढलं.

१९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८२ साली ते गेले, म्हणजे देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायच्या बारा वर्षं आधी.