रेव्हरंड ना. वा. टिळक : श्रद्धा आणि योगक्षेम

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे झाला. अलोरे-चिपळूण परिसरातून हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा कवी आपल्याच जिल्ह्याचा आहे, हे ठाऊक असावे. कोकणातील अनेक मुलांप्रमाणे त्यांनाही घाट चढून जावे लागले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

शिक्षकी, कीर्तन, संपादन अशी अनेक कामे टिळकांनी केली, पण एका जागी ते फारसे टिकले नाहीत. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ राहत नसे. मागणारा समोर आला की देऊन मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव होता. उद्याच्या पिठामिठाची काळजी अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. अन्नवस्त्राची चिंता करू नका, पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहा, हा त्या प्रवचनातील उपदेश सर्वपरिचित आहे. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला ही प्रतिमासृष्टी परकी वाटणे शक्यच नव्हते. गीतेतील योगक्षेमाची कल्पनाही त्यांच्या संस्कारांत मुरलेली होती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांनी संबंध तोडले आणि पत्नी व लहानगा दत्तू यांच्यापासून काही वर्षे ताटातूट झाली. येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. ईश्वरावर भार टाकून टिळक अहमदनगरला गेले. लक्ष्मीबाई मात्र मूल पदरात घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढत होत्या. एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडला, हे टिळकांविषयी आदर बाळगूनही म्हटले पाहिजे. यथावकाश पतिपत्नी पुन्हा एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या पगारामुळे संसाराला थोडी स्थिरता आली. टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही करू लागले. बालकवी ठोमरे याच घरात काही काळ राहिले. ज्या घरात पैशाची ओढ नित्याची, त्या घराचे दार पाहुण्याला कधी बंद झाले नाही. भाषेच्या दृष्टीने या काळाचे महत्त्व वेगळेच आहे. त्यापूर्वीची मराठी ख्रिस्ती गीते बव्हंशी भाषांतरित, इंग्रजी चालींवर बेतलेली होती. टिळकांनी अभंग आणि ओवी यांना जवळ केले. दीनपणाने देवाशी बोलणे, हक्काने रुसणे, त्याला आई म्हणणे ही संतांची बोली त्यांनी ख्रिस्तभक्तीत आणली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत.

खरी कसोटी १९१७ मध्ये आली. वय पंचावन्न, प्रकृती खालावलेली, साठवलेला पैसा नाही. अशा अवस्थेत त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. पगार घेऊन धर्म सांगणाऱ्याचे शब्द लोकांच्या मनाला भिडत नाहीत, अशी त्यांची धारणा झाली होती. व्यवहाराच्या कसोटीवर हा निर्णय अविचारी ठरेल. परंतु उत्पन्नाचा आधार सोडल्यावाचून आपली भिस्त नेमकी कशावर आहे, हे त्यांना स्वतःलाही कळणार नव्हते.

हा प्रयोग फार काळ चालू शकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ज्यांना एके काळी अक्षरओळखही नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. त्या घरातील पैशाची चणचण आज आपल्याला कळते ती मुख्यतः याच पुस्तकातून, आणि तीही हसतखेळत सांगितलेली.