पंडिता रमाबाई : आज्ञा कोणाची?

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांचे संस्कृत पांडित्य आणि धर्मांतर, एवढेच बहुधा बोलले जाते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा वाद मिटला असेल, असा माझाही समज होता. त्यांचा पत्रव्यवहार वाचला आणि तो समज गेला.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. शास्त्रीबुवांनी शास्त्र झिडकारले नाही; शास्त्राचेच आधार काढून ते पंडितांपुढे उभे राहिले. मुलीनेही पुढे हेच केले, फक्त सभा वेगळी होती.

दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, १८८२ मध्ये पती. दुसऱ्याच वर्षी चिमुकल्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मठातील सिस्टर जेराल्डिन यांचे रमाबाईंवर प्रेम होते, पण नव्या शिष्येने चर्चची शिकवण मुकाट्याने मानावी अशी अपेक्षाही होती. रमाबाई विचारीत, त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कोठे आहे? क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. देवाची आज्ञा त्यांना शिरसावंद्य होती. देवाच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाची नव्हती. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या.

ही नुसती बंडखोरी मात्र नव्हे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, हे त्यांना १८९१ च्या सुमारास जाणवले, आणि मग त्यांनी स्वतःला सर्वस्वी त्याच्या स्वाधीन केले. त्याची किंमतही पडली. शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार समिती सोडली. धर्मनिरपेक्षतेच्या भरवशावर मुली सोपविणाऱ्या पालकांची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेणेही बाईंना पटणारे नव्हते.

पुढे केडगावला त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात बायकाच काम करीत. तेथून संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.