गाडगेबाबा आणि दारूने मोडलेले घर

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात झिंगराजी जानोरकर या परिटाच्या घरी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी मुलगा झाला. नाव ठेवले डेबूजी. घर तसे खाऊनपिऊन बरे होते. आठ वर्षांनी, १८८४ मध्ये, झिंगराजी वारले, तेव्हा त्यांतले फारसे काही उरले नव्हते. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, भावाच्या आसऱ्याला गेली. दापुरे पूर्णेच्या काठी आहे. ही वऱ्हाडातली, तापीला मिळणारी पूर्णा. आपल्या वसमतकडून वाहणारी पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते.

गाडगेबाबांचे चरित्रकार झिंगराजींच्या मृत्यूचे कारण एकच सांगतात, दारू. आणि ती कुठून आली तेही सांगतात. देवाला बकरे कापायचे, दारूचा नैवेद्य दाखवायचा, मग भाऊबंदांनी पंगतीला बसायचे. बारसे असो, लग्न असो की दिवस, जातीला मटण आणि दारू द्यावीच लागे. नैवेद्याची दारू आधी सणाची झाली, मग रोजची झाली.

आत काय होते ते डॉक्टरच्या नजरेने पाहू. प्यालेल्या दारूतला बहुतेक भाग मोडण्याचे काम यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या, वाट्याला येते. मोडताना तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड हे दारूपेक्षाही विषारी असते. आधी यकृतात चरबी साठते. या पायरीवर माणसाला काहीच जाणवत नाही, आणि दारू थांबली तर काही आठवड्यांत ते बहुधा पूर्ववत होते. पिणे चालू राहिले तर सूज येते, मग जागोजागी व्रण भरल्यासारखे कडक धागे तयार होतात आणि यकृत गाठाळ होते. हा सिरॉसिस. पोटात पाणी, डोळे पिवळे, पाय सुजलेले, कधी रक्ताची उलटी, शेवटी बरळणे. त्या काळी खेड्यात याला नाव नव्हते. पोट आले, डोळे पिवळे झाले आणि माणूस गेला, एवढेच घरच्यांना कळे. कुणी बाहेरची बाधा म्हणे, कुणी देवाचा कोप. मग तो कोप शमवायला पुन्हा बकरे आणि पुन्हा दारू.

डेबूजी मामाच्या घरी गुरे राखत आणि शेतात राबत मोठा झाला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. सावकाराने मामाची जमीन कर्जाच्या कागदांत कशी अडकवली, तेही त्याने डोळ्यांनी पाहिले. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची होती. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले. आज ही गोष्ट लहान वाटते, पण जातीतून टाकले जाण्याचे भय ज्याने पाहिले आहे त्याला ती लहान वाटणार नाही. दारू सोडणारा रुग्ण पुन्हा प्यायला लागतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या कार्यात, चार जणांच्या आग्रहामुळे. त्या आग्रहाला घरातूनच नकार देणारा माणूस मिळणे हा उपचाराचा मोठा भाग असतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचे फुटके गाडगे. तेच ताट आणि तीच टोपी. गावात शिरले की आधी झाडलोट, नाल्या साफ करणे, आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे जनावर मारू नका, पोरांना शिकवा, दारूला शिवू नका, हे विषय फिरून फिरून येत. आज व्यसनमुक्तीच्या समुपदेशनातही रुग्णाला दटावत नाहीत. प्रश्न विचारून त्यालाच त्याचा तोटा सांगायला लावतात.

मात्र एक गोष्ट कीर्तनाने होत नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भास होणे असे प्रकार होतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथ जरूर घ्यावी, पण ती रुग्णालयात घ्यावी. तिथे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि शांत ठेवणारी औषधे देऊन हे दिवस पार पाडता येतात.

काविळीच्या नावाखाली उतारे आणि काढे देण्याची चाल बाबांच्या काळी होती तशी आजही आहे. चीनमध्ये दारूवर कुडझू नावाच्या वेलीचा उपाय शतकानुशतके चालत आला; सातव्या शतकातल्या सुन सिमियाव या वैद्याने तो सांगितला आहे. त्याच्या मुळाच्या अर्कावर अमेरिकेत छोट्या चाचण्या झाल्या, तेव्हा पिण्याचे प्रमाण काहीसे कमी झालेले दिसले. सिरॉसिस मात्र त्याने बरा होत नाही. उलट हो शौ वू या दुसऱ्या चिनी मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आधीच थकलेल्या यकृतावर न तपासलेला काढा ओतणे धोक्याचे आहे. तेल, हळद, डाळ बंद करून रुग्णाला नुसत्या उसाच्या रसावर ठेवणेही तसेच. अशा रुग्णाला प्रथिने हवीत: डाळ, दूध, अंडी. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, आणि रात्री झोपताना थोडे खाणे. पण या सगळ्याच्या आधी दारू पूर्ण बंद. सिरॉसिस झाल्यावरही पिणे थांबवणारे रुग्ण न थांबवणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात.

बाबांनी मिळालेल्या पैशातून स्वतःसाठी काही बांधले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र १९५२ मध्ये लिहिले, तेव्हाही बाबांचे फिरणे चालूच होते. प्रकृती खालावत गेली तरी थांबले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही तिथे उतरतात.