क्रॉमवेलचे दुखणे आणि ड्रोहेडाची जखम

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, बॉइन नदीच्या काठी वसलेल्या ड्रोहेडा शहरात ऑलिव्हर क्रॉमवेलचे नाव पावणेचारशे वर्षांनंतरही कडवटपणेच घेतले जाते. इंग्लंडच्या राजाला वधस्तंभापर्यंत नेणारा सेनानी आणि आयर्लंडचा कर्दनकाळ, ही त्याची सर्वपरिचित ओळख. एका राजवैद्याच्या टिपणवहीत मात्र वेगळाच क्रॉमवेल भेटतो.

२५ एप्रिल १५९९ रोजी हंटिंग्डन येथे जन्मलेल्या क्रॉमवेलचे केंब्रिजमधील शिक्षण १६१७ मध्ये वडिलांच्या निधनामुळे अर्ध्यावर सुटले. १६२० मध्ये विवाह झाला आणि १६२८ मध्ये तो संसदेत पोहोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने लंडनमधील विख्यात राजवैद्य थिओडोर द मेयर्न यांचा सल्ला घेतला. जेवणानंतरची पोटदुखी आणि डाव्या कुशीतील सततची वेदना या तक्रारींबरोबरच रुग्ण अत्यंत विषण्ण असल्याची लॅटिन नोंद मेयर्न यांनी केली. गावचे वैद्य जॉन सिमकॉट्स यांचा अनुभवही असाच होता. आपण मरणार या भीतीने क्रॉमवेल त्यांना मध्यरात्री बोलावून घेई, असे त्यांनी पुढे सांगितले.

त्वचाही त्याला त्रास देत असे. प्लेगपासून बचावासाठी घेतलेल्या ‘मिथ्रिडेट’ या बहुद्रव्यी औषधाने त्याच्या तोंडावरील पुटकुळ्या बऱ्या झाल्या, असे सांगितले जाई. त्या काळच्या वैद्यकाला यात नवल वाटले नसते. आपल्याकडील त्रिदोषांप्रमाणे युरोपात चार देहरसांचा सिद्धान्त प्रचलित होता. काळे पित्त वाढले की प्लीहा बिघडते, मन काळवंडते आणि त्वचेवर विकार उमटतात, अशी ती धारणा. काळ्या पित्ताची कल्पना कालबाह्य झाली. त्वचा आणि मनाचे नाते मात्र आधुनिक विज्ञानानेही मान्य केले आहे. गर्भावस्थेत त्वचेचा बाह्यस्तर आणि मज्जासंस्था एकाच पेशीस्तरातून घडतात. मानसिक ताणाने सोरायसिस, इसब यांसारखे विकार बळावतात आणि चेहऱ्यावरील दीर्घकालीन विकार माणसाला नैराश्याकडे ढकलू शकतो. क्रॉमवेलच्या प्रसिद्ध चामखिळी मात्र या नात्यात बसवता येत नाहीत. सॅम्युएल कूपरच्या लघुचित्रात त्या स्पष्ट दिसतात. पण त्यांचा मनोवस्थेशी संबंध जोडण्यास आधार नाही.

१६३१ मध्ये हंटिंग्डनमधील मालमत्ता विकून तो सेंट आइव्ह्ज येथे कुळ म्हणून शेती करू लागला. उतरत्या परिस्थितीच्या या दशकातच त्याला तीव्र धार्मिक अनुभूती आली. आपण पापी होतो आणि ईश्वराने आपल्याला निवडले, ही त्याची दृढ श्रद्धा झाली. विषादाने खचलेल्या माणसाला या श्रद्धेने उभे केले. १६४२ च्या यादवी युद्धात त्याच्या घोडदळाला तिनेच धार दिली.

३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. ऑगस्टमध्ये क्रॉमवेल डब्लिनला उतरला आणि ३ सप्टेंबरला ड्रोहेडासमोर ठाकला. सर आर्थर ॲस्टन यांच्या हाताखाली सुमारे ३,००० सैनिक शहर राखत होते. ११ सप्टेंबरला तटबंदी फोडल्यावर शस्त्रधाऱ्यांना जीवदान न देण्याचा हुकूम त्याने दिला. सेंट पीटर्स चर्चच्या मनोऱ्यात आश्रय घेतलेल्यांना आग लावून जाळण्यात आले, धर्मगुरूंना ठार करण्यात आले आणि वाचलेल्या सैनिकांपैकी अनेकांना बार्बाडोसला धाडण्यात आले. किती नागरिक मारले गेले, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. १६४१ च्या कत्तलींबद्दलचा हा ईश्वरी न्याय होय, असे क्रॉमवेलने संसदेला कळवले. प्रत्यक्षात १६४१ मध्ये ड्रोहेडा बंडखोरांच्या बाजूने नव्हतेच; उलट त्यांच्या वेढ्याला ते दाद देत नव्हते.

१६५३ मध्ये तो ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. ऑगस्ट १६५८ मध्ये लाडकी कन्या एलिझाबेथ गेली आणि ३ सप्टेंबरला, एकोणसाठाव्या वर्षी, तोही गेला. राजेशाही परतल्यावर १६६१ मध्ये त्याचे प्रेत उकरून टायबर्नला टांगण्यात आले.

मेयर्न यांच्या नोंदीवरून ड्रोहेडाच्या हत्याकांडाचे निदान करण्याचा मोह टाळायला हवा. विषण्णतेने असंख्य माणसे पोळतात. त्यांच्या हातून शहरे जळत नाहीत. ती नोंद होऊन एकवीस वर्षे उलटली होती आणि ड्रोहेडाचा हुकूम देणारा सेनापती आपण काय करत आहोत हे पुरते जाणत होता. १६२८ मधील रुग्णाविषयी करुणा वाटणे योग्यच आहे. १६४९ मधील हुकमाचे उत्तरदायित्व त्याने तिळमात्र कमी होत नाही.