पुलमनचं गाव कुणी वाचवलं?

रेल्वेत बर्थ उघडून रात्रभर मस्त ताणून देता ना? लांबच्या प्रवासात अशी आरामात झोपायची सवय अमेरिकेला लावली ती जॉर्ज पुलमननं. जन्म १८३१चा. तरुणपणी शिकागोत तो चक्क उभ्या इमारती जॅक लावून उचलून द्यायचा. मग आलिशान स्लीपर डबे काढले आणि गडी गडगंज झाला.

१८८० मध्ये त्यानं शिकागोच्या दक्षिणेला सुमारे ४,००० एकर जमीन घेतली आणि कारखान्याजवळ आख्खं गावच वसवलं. गावाला नावही स्वतःचंच! विटांची पक्की घरं, घरात नळ, बागा, लायब्ररी, थिएटर. त्या काळातले कामगार कसल्या कोंदट खोल्यांत राहायचे ते आठवा, म्हणजे याचं अप्रूप कळेल. पण मेख अशी, की कितीही वर्षं राहा, घर तुमचं व्हायचं नाही. नोकरी देणाराही पुलमन आणि घरमालकही पुलमनच.

१८९३च्या मंदीत ही मेख टोचली. पगार सरासरी पाव हिश्श्यानं कापले गेले, घरभाडं मात्र जैसे थे. मे १८९४ मध्ये कामगार संपावर गेले. देशभरातल्या रेल्वे कामगारांनी पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला. गाड्या अडल्या, सरकारनं लष्कर उतरवलं, माणसं मेली आणि संप मोडला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत 'लेबर डे'ची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली.

१८९७ मध्ये पुलमन गेला. चिडलेले कामगार थडगं उकरतील या धास्तीनं शवपेटीभोवती काँक्रीट ओतलं, वर पोलादी रूळ घातले! पुढच्याच वर्षी कोर्टानं कंपनीला घरं विकून टाकायला सांगितलं.

१९६० मध्ये हे गाव पाडून तिथं नवे कारखाने आणायचा घाट घातला गेला. आडवे कोण आले? तिथले रहिवासी. त्यांनी संघटना काढून तो बेत हाणून पाडला. १९७० मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये कुणीतरी कारखान्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याला आग लावली, तरी लोक हटले नाहीत. २०१५ मध्ये ओबामांनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं.

आज मनोरा पुन्हा दिमाखात उभा आहे. तिथं पुलमनची गोष्ट सांगतात, संपवाल्यांची सांगतात आणि त्याच्या डब्यांत राबून पुढे स्वतःची युनियन उभारणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांचीही. गाव बांधलं त्यानं. राखलं मात्र तिथं राहणाऱ्यांनी. तुमच्या गावातल्या बंद गिरणीसमोरून जाताना हे एकदा आठवून बघा!