साबण विकून कामगारांसाठी गाव वसवणाऱ्या लिव्हरचं दुसरं गाव कांगोत होतं

मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, हा नियम भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने आला. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी इंग्लंडमधल्या एका साबणवाल्याने नफ्यातून कामगारांसाठी अख्खं गाव वसवायला घेतलं होतं.

विल्यम लिव्हर त्याचं नाव. हिंदुस्थान युनिलिव्हरमधला 'लिव्हर' तो हाच.

त्याचा जन्म १८५१ चा, बोल्टनमधला. वडिलांचा किराणा मालाचा धंदा होता, सोळाव्या वर्षी तोही त्यात लागला. तेव्हा दुकानदार साबणाची लांबलचक वीट कापून वजनावर विकायचे. लिव्हरने १८८४ मध्ये 'सनलाईट' हे नाव नोंदवलं, वडी कागदात गुंडाळली आणि जाहिरातींवर पैसा ओतला. भाऊ जेम्ससोबत काढलेली कंपनी इतकी चालली की, काही वर्षांतच कारखाना अपुरा पडला.

मग १८८८ मध्ये मर्सी नदीजवळच्या दलदलीत नवा कारखाना आणि त्याला लागून गाव उभं राहू लागलं. नाव काय, तर साबणाचंच, पोर्ट सनलाईट!

त्या काळच्या कामगार वस्त्या म्हणजे कोंदट खोल्या आणि सामायिक संडास. इथे मात्र बागा, शाळा, दवाखाना, वाचनालय, पोहण्याचा तलाव असं सगळं होतं. १९२२ मध्ये तर पत्नीच्या स्मरणार्थ कलादालनही उघडलं.

पण गोम वेगळीच होती. नफ्याचा वाटा रोख द्यायला लिव्हर तयार नव्हता. हातात पैसा पडला की तो खाण्यापिण्यात उडेल, त्यापेक्षा आपण घरं बांधून देऊ, असा त्याचा हिशोब. घर कंपनीचं असल्यामुळे नोकरी गेली की छप्परही जायचं. कामगार संघटनांना हे खटकत होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती.

माणूस मात्र काळाच्या पुढचा होता. १९०६ मध्ये खासदार झाल्यावर त्याने म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी विधेयक मांडलं. १९१८ मध्ये कामाचा दिवस सहा तासांचा करा आणि उरलेल्या वेळातले दोन तास तरुण कामगारांना शिकवा, असं पुस्तकातून सांगितलं. त्याच्याच कंपनीत ते प्रत्यक्षात आलं नाही.

आता साबणाला तेल लागतं. ते मिळवायला लिव्हरने १९११ मध्ये बेल्जियमच्या ताब्यातल्या कांगोत साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमिनीवर हक्क मिळवला. तिथल्या मुख्य वस्तीचं नाव लिव्हरव्हिल. शाळा, दवाखाने, किमान मजुरी हे सगळं करारात लिहिलेलं होतं.

पण उंच पामच्या झाडांवर चढून फळं काढायला लोक मिळेनात. मग वसाहत सरकारच्या मदतीने गावागावांतून माणसं सक्तीने कामाला आणली जाऊ लागली. लहान मुलंही त्यातून सुटली नाहीत. हा कारभार लिव्हर जिवंत असतानाच सुरू होता.

१९२५ मध्ये तो गेला. शेअर्सचा काही भाग त्याने शिष्यवृत्त्यांसाठी ठेवला, तो ट्रस्ट आजही संशोधकांना पैसे देतो. कंपनीची पुढे युनिलिव्हर झाली आणि १९३४ मध्ये मुंबईत शिवडीच्या कारखान्यात साबण तयार होऊ लागला.

त्याआधी १९३१ मध्ये कांगोतल्या पेंडे लोकांनी बंड केलं होतं. सैन्याने ते चिरडलं, शेकडो माणसं मारली गेली. लिव्हरव्हिलचं नाव आता लुसांगा आहे.