गारपिटीत गव्हाचा प्रयोग गेला आणि मुंबईत माश्यांच्या वासाचं कोडं उलगडायला लागलं

घरात केळी जास्त पिकली की कुठून तरी बारीक चिलटं जमतात. त्यातलीच एक फळमाशी, म्हणजे ड्रॉसोफिला. तिला वास कळतो कसा, या प्रश्नामागे ओबेद सिद्दिकी हा माणूस कित्येक दशकं लागला होता.

१९३२ साली उत्तर प्रदेशातल्या बस्तीत जन्म, शिक्षण अलिगढला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम सुरू केलं, पण गारपिटीने प्रयोगाचं पीकच झोपवलं. सिद्दिकींनी शेत सोडलं आणि ग्लासगो गाठलं. तिथे बुरशीच्या जनुकांवर पीएचडी, मग अमेरिकेत बॅक्टेरियावर संशोधन. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणलं. फिजिक्सवाल्यांच्या त्या संस्थेत जीवशास्त्राचं युनिट उभं करायचं होतं. वय, अवघं ३०.

माश्या आयुष्यात आल्या त्या सत्तरच्या दशकात. कॅलिफोर्नियात सिमोर बेंझर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, ज्या ठराविक तापमान ओलांडलं की लुळ्या पडायच्या आणि गार केल्या की पुन्हा उठायच्या. एक जनुक बिघडलं की मज्जासंस्था कशी कोलमडते, ते यातून दिसत होतं.

हीच युक्ती त्यांनी मुंबईत वासासाठी वापरली. सोबत होती त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, केनियात जन्मलेली गोवन मुलगी.

पद्धत ऐकायला सोपी आहे. रसायन देऊन माश्यांच्या जनुकांत बिघाड घडवायचा. मग त्यांची पिल्लावळ इंग्रजी वाय आकाराच्या नळीत सोडायची, एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. धडधाकट माशी वास ओळखून वाट निवडते. जिला फरकच कळत नाही, ती कामाची! तिच्यापासून नवा वाण तयार करायचा. हे वाण बियाण्यासारखे पोत्यात भरून ठेवता येत नाहीत. दर काही आठवड्यांनी माश्या नव्या बाटलीत हलवायच्या. एकदा विसरलं की वाण संपला आणि कित्येक महिन्यांची मेहनतही.

१९७८ मध्ये दोघांनी निष्कर्ष छापले. काही वाणांना फक्त कडू बदामासारखा वास कळत नव्हता, बाकीचे वास व्यवस्थित कळत होते. म्हणजे सगळे वास एकाच दारातून आत जात नाहीत, वेगवेगळ्या वासांची वाट वेगळी असते. वास पकडणारे रिसेप्टर तेव्हा कुणाच्याच हाती लागले नव्हते. ते १९९१ मध्ये अमेरिकेत उंदरांमध्ये सापडले, त्यावर २००४ चं नोबेल मिळालं. माशीचे रिसेप्टर १९९९ मध्ये सापडले, तेही अमेरिकेतच. पण माशीच्या वासाला जनुकांच्या वाटेने भिडता येतं, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत कुलाब्यातली ही जोडी होती. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही.

पुढे सिद्दिकींनी बंगळुरूत एनसीबीएस ही संस्था उभी केली, २००६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. संचालकपद सोडल्यावरही माशी काही सुटली नाही. जुलै २०१३ मध्ये बंगळुरूत रस्ते अपघातात ते जखमी झाले आणि २६ तारखेला गेले. ८१ वर्षांचे होते.